कचऱ्याची धून

च्या-यी शहरात कचऱ्याची गाडी गात येते.
पिवळी, ढेरपोटी, पावणेआठाला,
आणि गल्लीतली माणसं सपाता ओढत
पिशव्या घेऊन धावतात, कुणी नावानं हाक मारल्यासारखी.
इथे कचरा जमिनीवर ठेवत नाहीत.
सुरावर आणून टाकतात.

तोच तुकडा मी शिकवते.
पियानोचं दुसरं पुस्तक, चौथं पान.
एकतीस वर्षं, आठवड्याला नऊ मुलं,
आणि प्रत्येक मूल पहिल्या ओळीला फिस्सकन हसतं:
"बाई, पिशवी आणू का?"
मीही हसायचे, सुरुवातीला.
नंतर कानांनीच ते सूर घेणं सोडलं.
चावून चावून उसाचं चिपाड व्हावं तसं,
तोंडात आहे, गोडी नाही,
थुंकावं तर उद्या पुन्हा पावणेआठ.

मग एका बुधवारी, गाडीला सुट्टी असते तेव्हा,
दारात एक माणूस. टोपी हातात.
साबणाने घासघासून लाल झालेली बोटं.
"मी लाय चिन-शुई. गाडी चालवतो.
तुमच्या खिडकीतून ऐकू येतं कधीकधी.
आमचं जिथे संपतं, तिथे तुमचं थांबत नाही.
पुढे काय होतं?"

मला आधी कळेचना.
मग उलगडलं: भोंग्यात फक्त चाळीस सेकंद.
चाळीस सेकंद, आणि परत पहिल्यापासून.
बावीस वर्षं हा माणूस
जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढून
खाली येत होता.

वाजवलं.
चाळिसाव्या सेकंदाला त्याची मान
आपोआप मागे वळायला निघाली,
आणि सूर सरळ पुढे गेला.
त्याने खुर्चीची कड घट्ट धरली.
मी ते पान हजारदा वाजवलं असेन.
त्या दिवशी तिसऱ्या ओळीत माझा अंगठा अडखळला.

संपल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं.
"बरं आहे," तो म्हणाला.
"पण आमचंच छान."
आणि टोपी घालून गेला.

मला राग आला, खरं सांगते.
भांडी घासताना मनातल्या मनात भांडले:
ज्याने बावीस वर्षं एकच घास खाल्ला
त्याला उरलेलं ताट काय कळणार?
आणि नळ चालू असतानाच वाटलं,
मी तर तो घासही विसरले.

पुढच्या बुधवारी तो परत. लिचीची पिशवी घेऊन.
"पुन्हा एकदा."
त्याच्या पुढच्याही.
तिसऱ्यांदा म्हणाला, "ते मधे खाली उतरतं ना,
तिथे आज तितकं परकं वाटलं नाही."
पाचव्यांदा, उतरण यायच्या आधीच,
त्याची बोटं गुडघ्यावर तयार बसली होती.
नवव्यांदा म्हणाला, "आज काहीतरी कमी झालं."
"मी तर तसंच वाजवलं."
"हो," तो म्हणाला, "म्हणूनच."
मग दोन महिने आलाच नाही.

काल पावणेआठाला
माशाचे काटे पिशवीत बांधून मी जिना उतरले.
भोंगा चाळिसावर पोचून पहिल्याकडे वळला,
पण खिडकीबाहेर कोपर काढून बसलेला लाय
वळला नाही.
तो गुणगुणत पुढेच गेला, तिसऱ्या ओळीत,
उतरणीवरून, जरा बेसूर,
डोक्यावर भोंगा आपली सुरुवात करत असताना.
दोन्ही एकमेकांत अडकले, सुटले,
आणि एका जागी, क्षणभर, असे जुळले
की तसं कुठल्याच पानावर छापलेलं नाही.

"अहो, टाका की!" शेजारच्या श्यूबाई ओरडल्या.
गाडी कोपऱ्यावरून गेली होती.
पिशवी माझ्या हातातच.

रात्रभर स्वयंपाकघरात वास.
ती जागा पियानोवर शोधली, दोन्ही हातांनी,
सापडली नाही.
आज बुधवार. गाडी नाही.
एकतीस वर्षांत हे पहिल्यांदा खुपतंय.